उसवायची पौर्णिमा

आषाढ लागला की आमच्या लालबागच्या नाक्यावर गुरुपौर्णिमेचे बॅनर चढतात. गुरूचा फोटो एवढासा, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे भोपळ्याएवढे. ते बघत बघत मी भाजी घेऊन घरी येते आणि कपाटातून त्या वर्षी चुकलेला एखादा कपडा शोधून ठेवते. पौर्णिमेला दुपारची जेवणं आटपली की तो उलटा करून मांडीवर घ्यायचा आणि चुकलेली शिवण सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत उसवायची. सून म्हणते, आई, टाकून द्या ना, ऑनलाइन नवा येईल. येईल की. मी तिच्याशी वाद घालत नाही. ही सवय मला सावंतबाईंनी लावली, आणि बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली तरी माझ्यानं ती सुटलेली नाही.

सावंतबाई आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि मागोमाग तोही गेला. पदरात एक मुलगी, नंदा. बाईंनी खोलीतच शिवणक्लास काढला. क्लास म्हणजे काय, तर दुपारी खाट उभी करून भिंतीला लावायची, चटई पसरायची, झाला क्लास. पाटीबिटी काही नाही. तरी परळपासून घोडपदेवपर्यंतच्या बायका यायच्या. मी लग्न होऊन चाळीत आले तेव्हा सासूनं मला तिथं धाडलं. मला शिवण यावं म्हणून नाही, दुपारी मी तिच्या डोळ्यांसमोर नको म्हणून.

बाई ठेंगण्या, नाकात चमकी, गळ्यात सदा टेप. मंगळसूत्र काढून ठेवलं त्या दिवसापासून गळा टेपनंच भरलेला, असं नंदा म्हणायची. तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं कमी. शिकवताना बाई अगदी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. मनातलं काही निघायचं असलं की मात्र मालवणी. "सुरेखा, हा बाहीचा मुंढा पुन्हा काढा," म्हणाल्या तर काळजी नाही. "काय गो केलंस ह्या?" आलं की समजायचं, आज आपली धडगत नाही.

पहिले कित्येक महिने त्या कपड्याला कात्री लावू देत नसत. वर्तमानपत्र कापायचं. कागदाचं झबलं, कागदाचा परकर, कागदाचा ब्लाउज. माझ्या सासूला एकदा गादीखाली कागदाचे ब्लाउज सापडले आणि सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तिनं तळमजल्यापर्यंत सांगितलं. मी रडत बाईंकडे गेले. बाईंनी टाचण्या काढून शांतपणे सांगितलं की शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, तेव्हा सासूला म्हणावं रद्दी स्वस्त आहे. मी सासूला काही म्हटलं नाही. माझी काय टाप होती.

माप घ्यायला लागल्या की बाईंची मजा असायची. गिऱ्हाईक बाई हमखास पोट आत ओढून उभी राहते. सावंतबाई काही बोलायच्या नाहीत. टेप कमरेभोवती धरून नुसत्या उभ्या राहायच्या. समोरची शेवटी विचारायची, झालं का हो? त्यावर ह्या म्हणायच्या, "श्वास सोडा, मग होईल." मापाशी खोटेपणा त्यांना खपत नसे. टेपला सगळं खरं सांगावं, असं त्या आम्हाला बजावायच्या. आणि शिवणीत आत माया भरपूर ठेवायच्या, म्हणजे हल्लीच्या मुली ज्याला मार्जिन म्हणतात ते. माणूस अंगानं भरतं, कपड्यानं त्याला जागा द्यावी, हे त्यांचं म्हणणं. लग्नात अंगाला घट्ट ब्लाउज शिवून नेलेल्या नवऱ्या वर्षा-दोन वर्षांनी तोच ब्लाउज सैल करून घ्यायला यायच्या तेव्हा बाई एका अक्षरानं टोमणा मारायच्या नाहीत. आतली माया सोडून द्यायच्या.

पण त्यांची खरी खोड दुसरीच. कुठलाही कपडा हातात आला की आधी तो पुरता उलटा करायच्या, बाह्यांसकट. बाहेरून कसा दिसतो ते नंतर. आमच्यातली पवारांची मनीषा जरा आगाऊच. ती एकदा म्हणाली, "राहू दे ना बाई, आतून कोण बघतंय?"

"मी बघतंय," बाई म्हणाल्या, आणि सुई तिच्या हातात दिली.

हातटाक्यावरून त्या माणूस ओळखायच्या. मी टाका घट्ट ओढते, मनीषा लांब लांब टाके घालून मोकळी होते, हे त्यांना कपडा कोणाचा हे न विचारता कळायचं. नंदाचा टाका तर आम्हालाही ओळखू यायचा. ती डावखुरी. तिचा बखिया, म्हणजे मागं घेत घातलेला पक्का हातटाका, उलट्या बाजूनं चालायचा आणि उलट्या अंगाला कलायचा. लहानपणी बाईंनी तिचा हात बदलायचा फार प्रयत्न केला होता म्हणे, तेव्हा त्यांच्या मास्तरांनीच त्यांना दटावलं.

मास्तर म्हणजे उस्मान मास्तर. गिरगावात लेडीज टेलरचं दुकान होतं त्यांचं. बाई तिथं काज-बटणाला लागल्या आणि सगळं शिकून बाहेर पडल्या. एका गुरुपौर्णिमेला त्या मास्तरांसाठी शर्टपीस घेऊन गेल्या. मास्तरांना हे काय ते ठाऊक नाही. बाईंनी सांगितलं, आज आमच्यात गुरूला काहीतरी देतात. मास्तर हसले आणि म्हणाले, "तोहफा मत ला. जो बिगाड़ा है वो ला, मेरे सामने खोल." बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढं स्वतःचा क्लास काढल्यावर आमची गुरुपौर्णिमा तशीच व्हायला लागली.

त्या दिवशी बाईंच्या खोलीत पाट मांडलेला. पाटावर फोटो नाही, पादुका नाहीत. उस्मान मास्तरांची जुनी लोखंडी कात्री, मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलानं बाईंना आणून दिलेली. तिला हळदकुंकू, जास्वंदीचं एक फूल. चाळीतल्या एका काकांनी एकदा जिन्यात अडवून विचारलं होतं, मुसलमान शिंप्याच्या कात्रीला हळदकुंकू, हे कुठल्या शास्त्रात बसतं? बाई म्हणाल्या, "शिकवलं त्यांनी. तुम्ही काही शिकवलंत तर तुमच्या चष्म्याला वाहीन." काका परत त्या वाटेला गेले नाहीत.

आम्ही बायकांनी पाया पडायचं नाही, फुलं आणायची नाहीत. प्रत्येकीनं वर्षातली एक चूक आणायची आणि सगळ्यांच्या समोर बसून उसवायची. ब्लेड चालणार नाही, सुईचं टोकच. मी पहिल्या वर्षी नेला तो ब्लाउज अजून आठवतो, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी बाई स्वतःचं काहीतरी काढायच्या. त्यांचंही चुकलेलं असायचं, आणि त्या ते आमच्यासमोर कात्रीकडे तोंड करून उसवायच्या. मग घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. नंदा ऑफिसातून येताना जिलबी आणायची आणि दारातूनच ओरडायची, "झाली का गो सगळ्यांची पापं धुऊन?"

नंदा फोर्टात एका ऑफिसात होती. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, आईचं माप घेईल असा जावई मिळायचा नाही. कपडे मात्र आईनं शिवलेलेच घालायची. कॉटनचे कुडते, लांब बाहीचे. त्यातला एक निळा होता, पांढऱ्या बुट्टीचा. तो तिचा फार आवडता.

मग नंदाला पोटाचं दुखणं निघालं. मोठं दुखणं. नाव आम्ही कोणी घेत नव्हतो. परळच्या हॉस्पिटलात फेऱ्या सुरू झाल्या. बाईंनी क्लास बंद केला नाही, पण टाचण्या तोंडात धरून नुसत्या बसून राहायच्या आणि आम्ही आपापलं करत राहायचो. नंदा उतरत चालली होती. आपल्याला दिसतं ते, कितीही नाही म्हटलं तरी.

एका दुपारी मी दही द्यायला गेले तर नंदा आत झोपलेली आणि बाई गॅलरीच्या उजेडाला बसून तो निळा कुडता शिवतायत. हातानं. मशीन शेजारी झाकून ठेवलेलं. मी विचारलं, हातानं का हो? त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"मशीनीचो आवाज जाता," म्हणाल्या.

मग हळूच सांगितलं. डॉक्टरांनी नंदाला धीर सोडू देऊ नका म्हटलं होतं. ती आरशात बघत नाही, वजनाच्या काट्यावर उभी राहत नाही, पण कपडा सैल झाला की तिला लगेच कळणार, टेलरच्याच पोटची ती. म्हणून ती झोपली की बाई तिच्या कुडत्यांच्या दोन्ही बाजू आतून थोड्या थोड्या घ्यायच्या. बगलेपासून खाली, बखिया घालून. कपडा पुरता उलटा करायलाही फुरसत नाही, नुसत्या बाजू वर करायच्या आणि भराभर टाके मारायचे. दर थोड्या दिवसांनी नवी ओळ. आयुष्यभर माया बाहेर सोडत आलेली बाई आता आत घेत होती.

"पण बाह्यांना अजून हात लावायला लागला नाही बघ," त्या म्हणाल्या. "बाही चांगली बसते. हात भरलेले आहेत अजून पोरीचे."

मी हो म्हटलं. नंदा हल्ली घरातही शाल घेऊन असायची. तिचे हात मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

आणि नंदा खरंच फसली होती, असं बाईंना वाटत होतं. हॉस्पिटलात जायला तोच कुडता घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "बघ गो आये, ड्रेस अजून बसता. उतरूक नाय मी." बाई म्हणायच्या, "होय तर." मी एकदा तिथंच होते. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

कुडत्याची ती दुपार यायच्या थोडं आधी, थंडी लागताना एकदा बाईंना औषधं आणायला दादरला जायचं होतं, म्हणून मी नंदाजवळ बसले. तिनं मला सुई आणि निळ्या दोऱ्याचं रीळ आणून द्यायला सांगितलं. म्हणाली, वहिनी, तेवढा दोरा ओवून द्या, मला नेढं दिसत नाही. मी म्हटलं, बटण निघालं असेल तर दे, मी लावते. नको म्हणाली, तेवढाच वेळ जातो. आईला सांगू नका, उगाच मला सुई धरू नको म्हणेल. मी दोरा ओवून दिला आणि तिच्यासाठी पेज टाकायला गॅसकडे गेले. ते मी विसरूनही गेले. विसरण्यासारखंच होतं.

होळीच्या आधी नंदा गेली. घरीच, सकाळी.

बाई रडल्या नाहीत. आलेल्या बायकांना पाणी दिलं, चपला नीट लावून ठेवल्या. बारावं-तेरावं झालं, नातेवाईक गावाला परतले, आणि बाईंनी मशीनवर चादर टाकली. क्लास बंद. सुई धरली नाही, गळ्यातला टेप खिळ्याला अडकवला. उघडा गळा घेऊन त्या गॅलरीत बसायच्या तेव्हा ओळखू येत नसत. मी डबा घेऊन जायचे, त्या चार घास खायच्या, डबा धुऊन द्यायच्या. एकदा धुतलेला डबा हातात देताना त्या बोलल्या. मालवणीत नाही, शुद्ध मराठीत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मी तिला फसवलं, सुरेखा. तिला कळलं असतं तर तिला जे काही बोलायचं होतं ते ती बोलली असती माझ्याशी. मी तिला कळूच दिलं नाही. माझी पोर काही न कळता गेली."

तिच्या भल्यासाठीच केलंत, असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकलंही नाही. खोट्या मापाचा कपडा घालून पोरीला दर वेळी हॉस्पिटलात पाठवली, हे त्यांच्या मनातून जाईना. दिवसेंदिवस त्या तेवढ्याच एका गोष्टीवर बसून होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं.

आषाढ आला. पौर्णिमेला जायचं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मनीषा म्हणाली, घरात एवढं झालंय आणि आपण काय फाटके ब्लाउज घेऊन जायचं? तरी आम्ही गेलो. कोणी काही आणलं, कोणी नाही. बाहेर पाऊस चालू होता, खोलीत ओल आलेली. वाटलं होतं बाई दार अर्धवट उघडून परत पाठवतील.

पण चटई पसरलेली होती. पाट मांडलेला, कात्रीला हळदकुंकू लावलेलं. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, या वर्षी आधी माझं. मग कपाटातून तो निळा कुडता काढला, कात्रीकडे तोंड करून बसल्या आणि त्याच्या बाजू उलट्या केल्या. आत बखियाच्या ओळी होत्या, एकीला लागून एक. बघून मनीषाचा हात तोंडावर गेला. बाकीच्यांना काहीच माहीत नव्हतं, पण शिवण येणाऱ्या बायका त्या, काय झालंय ते सांगायला लागलं नाही.

"ही माझी या वर्षाची चूक," बाई म्हणाल्या.

आणि उसवायला लागल्या. सगळ्यात आतली ओळ आधी, मग तिच्यामागची. किती वेळ गेला सांगता येत नाही. कोणी उठलं नाही. एकेक टाका उचलायचा, दोरा ओढायचा, बाजूला ठेवायचा. एक बाजू झाली, दुसरी घेतली. कुडता हळूहळू रुंद होत गेला. नंदा जिलबी घेऊन दारात उभी राहायची तेव्हा होता तेवढा झाला. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. मी नुसती त्या दोऱ्यांच्या ढिगाकडे बघत बसले होते.

शेवटचा दोरा काढून झाला. आता घडी घालायची. पण ते घाईचे महिने सोडले तर कपडा पुरता उलटा केल्याशिवाय बाईंनी आयुष्यात कधी खाली ठेवलेला नाही. त्यांनी सवयीनं बाहीत हात घातला आणि ती उलटी करून बाहेर ओढली. दुसरीही ओढली.

बाहीच्या मूळच्या मशीनच्या शिवणीच्या आत हातानं घातलेली एक ओळ होती. निळ्या दोऱ्याची, वेडीवाकडी. टाका कुठं मोठा, कुठं बारीक, घालणाऱ्याचा हात कापत असावा असा. आणि सगळे टाके उलट्या अंगाला कललेले. दुसऱ्या बाहीतही तसेच.

बाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मनगटाकडून वरपर्यंत, परत खाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं.

"दोरो कोणी ओवून दिलो?"

"मी," मी म्हटलं. "तुम्ही दादरला गेला होता तेव्हा. तुम्हाला सांगू नका म्हणाली. मला वाटलं बटण लावतेय."

बाईंनी मान हलवली. बाह्या मांडीवर तशाच होत्या. हात भरलेले आहेत, असं ज्या बाह्यांकडे बघून त्या इतके महिने स्वतःला सांगत होत्या, त्या पोरीनं आईसाठी आत घेतल्या होत्या. म्हणजे तिला सगळं कळत होतं. आईनं घेतलेल्या बाजूही कळल्या असणार. आतून टोचत असतीलच की त्या इतक्या शिवणी. तरी दारात उभं राहून ती म्हणायची, ड्रेस अजून बसता.

मनीषाला राहवलं नाही. पौर्णिमेचा नियम तिच्या डोक्यात पक्का, हात पुढं करून ती हळूच म्हणाली, "बाई, द्या, एवढं मी उसवते."

बाईंनी बाही दोन्ही हातांनी छातीशी घेतली.

"नको गो," त्या म्हणाल्या. "ही रवांदे."

चुकलेल्या शिवणीला राहू दे म्हणताना मी बाईंना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही कधी नाही. तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी, चमकीवरून खाली येत राहिलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. त्यांनी कुडता तसाच, बाह्या उलट्याच ठेवून, पाटावर मास्तरांच्या कात्रीशेजारी ठेवला. बोटाला लागलेलं कुंकू होतं ते बाहीला लागलं. मग उठून खिळ्यावरचा टेप काढला, गळ्यात घातला आणि परत येऊन बसल्या.

"हां," म्हणाल्या, "आता तुमचं दाखवा. उलटं करून."